पाणघोड्याचा वाढदिवस



नभोवाणीवर बोलण्यासाठीं कोणता विषय घेणार असें मला विचारण्यांत आलें, तेव्हां मीं ‘पाणघोड्याचा वाढदिवस’ असें उत्तर दिलें. विचारणाऱ्या गृहस्थांच्या मुद्रेवर जें हसूं उमटलें, तेंच आतां आपल्यापैकीं पुष्कळांच्या मुद्रेवर उमटलें असेल. हसण्यास माझी हरकत नाहीं. ब्रह्मदेवानें हा प्राणी घडवितांना हत्तीचें धड, डुकराचें मुख आणि चौरंगाचे पाय हातास लागले तसे जोडून टाकले असावेत, असें त्याच्याकडे पाहून कोणासही वाटावें. तथापि या विषयांत हसण्याखेरीज आणखीही कांहीं आहे, आणि तें मी शाळामास्तराच्या संवयीनें, म्हणजे थोडें रेंगाळत, सांगणार आहें.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांत होमोसासा स्प्रिंग्ज नांवाचें एक उद्यान आहे. तेथें लू नांवाचा एक पाणघोडा राहत असे. त्याचा जन्म सान दिएगो येथील प्राणिसंग्रहालयांत २६ जानेवारी १९६० रोजीं झाला. तरुणपणीं त्यानें चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांतून कामें केलीं, आणि एखाद्या नटानें रंगभूमीचा निरोप घ्यावा तसा पुढें तो या उद्यानांतील झऱ्याकांठीं कायमचा येऊन राहिला. १९८९ सालीं तें उद्यान सरकारनें आपल्या ताब्यांत घेतलें. सरकारचें धोरण असें कीं, येथें केवळ फ्लॉरिडाच्या भूमींतलेच प्राणी ठेवावयाचे. इतर परदेशी जनावरांची पाठवणी झाली, आणि लूचीही होणार असें दिसूं लागलें. तेव्हां लोकांनीं सरकारकडे पत्रांचा असा भडिमार केला कीं, १९९१ सालीं गव्हर्नर लॉटन चाइल्स यांनीं लूला फ्लॉरिडाचा सन्माननीय नागरिक म्हणून जाहीर केलें. नागरिक झाल्यावर त्याला घालवितो कोण! दरवर्षीं जानेवारी महिन्यांत त्याचा वाढदिवस साजरा होई. लहान मुलें येत, गाणें म्हणत, आणि त्या प्रचंड जबड्यांत त्याच्या आवडीचा खाऊ पडे. २०२५ च्या जानेवारींत त्यास ६५ वर्षें पुरीं झालीं, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें तो वारला. ‘मेला’ म्हणावयास माझी जीभ वळत नाहीं. अरण्यांतील पाणघोडा ४०-५० वर्षें जगतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे लूच्या पासष्टीची थोरवी कळते.

मीही साठी उलटलेला माणूस. तेव्हां लू आणि मी एकाच पिढीचे. त्याच्या वाढदिवसाचीं छायाचित्रें पाहून मला प्रथम गंमत वाटली, मग थोडासा हेवा वाटला, आणि शेवटीं एक प्रश्न मनांत आला. आपल्याकडे जनावराचा वाढदिवस कां बरें नसे?

नसे, एवढ्यावरून आपले वाडवडील जनावरांस विसरले होते असें कोणीं समजूं नये. पोळ्याला बैलाचीं शिंगें रंगतात आणि त्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. आमच्या पालघर-डहाणूच्या डोंगरपट्टींत वारली लोक दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. गांवाच्या शिवेवर वाघोबा असतो. त्यास शेंदूर लावावयाचा, नारळ-कोंबडें द्यावयाचें, आणि गुरामाणसांस संभाळून घे म्हणून विनवावयाचें. ज्याची अशी पूजा करावयाची, तो प्रत्यक्ष समोर आला तर मात्र वाट सोडून द्यावयाची! मला हा फार समंजस व्यवहार वाटतो. परंतु हे सारे सण समस्त जातीचे आहेत. पोळ्याला बैल पूजिला जातो, अमुक तारखेस जन्मलेला ढवळ्या नव्हे. वाढदिवस ही वस्तु निराळी. तो एकट्याचा असतो. अमुक दिवशीं अमुक आईच्या पोटीं हा एक जीव आला आणि तो आजवर टिकला, एवढीच गोष्ट औक्षणाच्या निरांजनांत उजळत असते.

या एकट्याच्या मोजदादीचें मोल मला शाळेच्या जनरल रजिस्टरानें शिकविलें. आमचें कुंभवली गांव आज तारापूरच्या कारखान्यांस अगदीं लागून आहे. पण मी नोकरीस लागलों तेव्हां आसपासच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या जन्मतारखा बहुधा कोणासच ठाऊक नसत. आई सांगे, ‘आवणी चालू होती.’ बाप सांगे, ‘मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या साली.’ रजिस्टरास आवणी चालत नाहीं. त्यास दिवस, महिना आणि साल लागतें. मग महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या शाळांत जी तारीख पडे तीच आमच्याकडेही पडे, ती म्हणजे १ जून. शाळा जूनमध्यें उघडे, वयाचा हिशेब तेथूनच धरावयाचा, म्हणून ती सोईची. त्यामुळें आपल्या प्रांतांत एका संबंध पिढीचीं असंख्य माणसें कागदोपत्रीं १ जूनला जन्मलीं, आणि त्यांतलीं जीं सरकारी नोकरींत शिरलीं तीं ३१ मेला निवृत्त होतात. त्या दिवशीं कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची जी दाटी होते, श्रीफळांचा आणि शालींचा जो खप होतो, त्याचें मूळ शाळेच्या त्या दौतींत आहे. या माणसांना वय आहे, पण वाढदिवस नाहीं. आणि सातासमुद्रांपलीकडे एका पाणघोड्याचा जन्म तारखेनिशीं लिहिलेला! मला याचा राग आला असें नाहीं. गोष्ट मनास चाटून मात्र गेली.

आतां आपल्या मुंबईच्या राणीच्या बागेकडे वळूं. ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रियर यांच्या हस्तें उघडली. आरंभीं ती वनस्पतींची बाग होती. पशुपक्षी मागाहून आले. पुढें व्हिक्टोरिया राणीचें नांव जाऊन वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव तिला मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं राणीची बाग ती राणीची बागच राहिली. शेजारीं भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. तो १८६४ सालीं इंग्लंडास न्यावयाचा घाट होता. उचलतांना तो पडला, फुटला, आणि फुटला म्हणूनच येथें राहिला. त्याचे तुकडे १९१४ सालीं सांधण्यांत आले.

या बागेंत आम्ही मुलांची सहल नेत असूं. बोईसरहून पश्चिम रेल्वेनें दादर, तेथें जिना चढून उतरून मध्य रेल्वेची गाडी, आणि मग भायखळा. मुलें निघत ती वाघ-सिंहांच्या आशेनें, आणि अडकून पडत ती पाणघोड्याच्या तळ्यापाशीं. वास्तविक तेथें प्रथम पाहावयास कांहींच नसे. हिरवट पाणी, त्यावर दोनचार पानें, बस. मग कांहीं वेळानें दोन नाकपुड्या वर येत, फुस्कन् आवाज होई. मग दोन डोळे, मग दोन इवलेसे कान. त्या कानांनीं पाणी झटकलें कीं मुलांत जो कल्लोळ उडे, तो सिंहाच्या गर्जनेनेंही उडाला नसता. एका सहलींत पाड्यावरची एक चुणचुणीत मुलगी कठड्याला नाक लावून बराच वेळ उभी होती. तिनें विचारलें, ‘गुरुजी, याचा जलम कंदीचा?’ मीं म्हटलें, ‘कोणास ठाऊक.’ ती तत्काळ उत्तरली, ‘मग याचा बी एक जून लिवा!’

या प्राण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण ज्याचा वाढदिवस करावयाचा त्याची ओळख असावी. पाणघोडा पाण्यांत राहतो, पण म्हशीसारखा पोहत नाहीं. तळाला पाय टेकून चालतो, आणि पांचेक मिनिटें दम धरून पुन्हां वर येतो. दिवस पाण्यांत घालवून तो रात्रीं चरावयास बाहेर पडतो आणि सुमारें ४० किलो गवत फस्त करतो. पूर्ण वाढीचा नर ३००० किलोंपर्यंतही भरतो. एवढें असून तो शाकाहारी आहे. पण शाकाहारी म्हणून गरीब समजूं नये, कारण आफ्रिकेंत त्याच्या हल्ल्यांत माणसें मरतात. त्याच्या अंगांतून तांबडा स्राव निघतो, म्हणून पूर्वीं लोक म्हणत कीं पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो. तें रक्तही नव्हे आणि घामही नव्हे. २००४ सालीं जपानी रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांतील तांबडें व नारिंगी अशीं दोन रंगद्रव्यें ओळखून काढलीं. तीं उन्हांतील अपायकारक किरण शोषून घेतात, आणि तांबडें द्रव्य रोगजंतूंनाही आवरतें. म्हणजे बाजारांत बाटलींत मिळणारें सूर्यरक्षक मलम या प्राण्याच्या कातड्यांतच आहे. आणि त्याचे जवळचे आप्त कोण म्हणाल, तर घोडे नव्हेत, डुकरेंही नव्हेत, समुद्रांतले देवमासे!

तो आपल्याकडे अगदींच परका आहे असेंही नाहीं. शिवालिकच्या टेकड्यांत आणि नर्मदेच्या खोऱ्यांत पाणघोड्याच्या कुळांतील प्राण्यांचीं अश्मीभूत हाडें सांपडलीं आहेत. हजारों वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या काळांत, ज्या नर्मदेची आपण परिक्रमा करतों तिच्या कांठीं तो चरत होता. फ्लॉरिडाच्या सरकारनें लूला परदेशी ठरविलें. आमच्या नर्मदेस तसें ठरवितांना जरा विचार करावा लागेल.

पाणघोड्यावर माणसें लुब्ध होतात ही गोष्टही आजची नव्हे. पांढऱ्या नाईल नदींतील ओबाइश नांवाच्या बेटावर पकडलेलें एक पिलूं इजिप्तच्या अब्बास पाशानें इंग्लंडास दिलें आणि त्याच्या बदल्यांत शिकारी कुत्रे घेतले. २५ मे १८५० रोजीं तें आगबोटींतून उतरलें. त्याला दूध मिळावें म्हणून वाटेंत गाई बरोबर ठेवल्या होत्या. त्याचा अरब रक्षक त्याच्या शेजारींच निजत असे. त्या वर्षीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयास येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक झाली. पुढें १८५४ सालीं त्याला आधेला नांवाची जोडीदारीण आणण्यांत आली. तिचीं पहिलीं दोन पिलें जगलीं नाहींत. तिसरें ५ नोव्हेंबर १८७२ रोजीं झालें. त्या दिवशीं इंग्लंडांत गाय फॉक्स या बंडखोराच्या नांवानें होळ्या पेटवितात, म्हणून पिलाचें नांवही गाय फॉक्सच ठेवलें. पिलूं मादी निघालें, तरी नांव बदललें नाहीं! लोकांनीं तिला त्याच नांवानें ओळखलें, आणि त्या नांवांतच तिचा वाढदिवस कायमचा राहिला.

पहिलीं दोन जगलीं नाहींत, असें मीं आतां ओझरतें म्हटलें. पण वाढदिवसाचा खरा अर्थ मला तेथेंच सांपडतो. २४ जानेवारी २०१७ रोजीं अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें फिओना नांवाची पाणघोडी वेळेपूर्वीं सहा आठवडे जन्मली. तिचें वजन अवघें १३ किलो होतें. निरोगी पिलूं याच्या दुपटीहून अधिक भरतें. तिला उभें राहून आईचें दूध पितां येईना. रक्षकांनीं रात्रंदिवस तिला बाटलीनें दूध पाजलें. पुढें तिच्या अंगांतलें पाणी इतकें कमी झालें कीं शिरही सांपडेना. तेव्हां लहान मुलांच्या इस्पितळांतील परिचारिका येऊन, अपुऱ्या दिवसांच्या बालकांस देतात तसें शिरेवाटे पाणी देण्याची व्यवस्था करून गेल्या. फिओना जगली. तिच्या पहिल्या वाढदिवशीं ज्यांनीं टाळ्या वाजविल्या त्यांना त्या रात्री आठवत होत्या.

आपल्या राणीच्या बागेनें याची दुसरी बाजू पाहिली आहे. २०१६ च्या जुलईंत दक्षिण कोरियांतून आठ हम्बोल्ट पेंग्विन पक्षी तेथें आणले. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे हे रहिवासी. भायखळ्याच्या उकाड्यांत त्यांच्यासाठीं गार हवेचें दालन बांधावें कीं नाहीं, यावर मुंबईंत पुष्कळ वाद झाला. पहिल्याच वर्षीं त्यांतील एक पक्षी दगावला. मग १५ ऑगस्ट २०१८ रोजीं, स्वातंत्र्यदिनीं, तेथें एक पिलूं अंड्यांतून बाहेर आलें. भारतांत जन्मलेला तो पहिला पेंग्विन. वर्तमानपत्रांनीं त्याचें कोडकौतुक केलें, घरोघरीं त्याची वार्ता झाली. आठवडाभरांत तें गेलें. पुढें २०२१ सालीं पेंग्विनांचीं पिलें जगलीं; त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरला, बालदिनीं, छत्रपति संभाजीनगरहून आणलेल्या शक्ति आणि करिश्मा या जोडप्यास वाघीण झाली, आणि तिचें नांव वीरा ठेवण्यांत आलें. प्राण्याची जन्मतारीख पाठ असणें ही गोष्ट अशी आतां मुंबईकरांच्याही अंगवळणीं पडत चालली आहे.

येथें कोणी विचारील, कैद्याचा वाढदिवस कसला करतां? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाहीं. नदींतला पाणघोडा कळपांत राहतो. लू मात्र त्या उद्यानांत आपल्या जातीचा एकटाच होता, आणि वाढदिवसाच्या छायाचित्रांत मुलांच्या गर्दीमुळें तें ध्यानांत येत नाहीं. नवे पाणघोडे नदींतून पकडून आणावेत काय, असें मला कोणीं विचारलें तर मी नको म्हणेन. परंतु जो संग्रहालयांतच जन्मला, ज्यानें नदी कधीं पाहिली नाहीं, त्यास म्हातारपणीं नाईलमध्यें नेऊन सोडणें ही दया नव्हे. ज्याला आपण कठड्याच्या आंत जन्मास घातलें, त्याचें मरेपर्यंत पाहणें हें आपल्याकडे आलें. मग वाढदिवशीं फुगे लावण्याबरोबर चार प्रश्नही विचारावेत. तळें किती खोल आहे? चालावयास कोरडी जमीन किती आहे? पाणघोडा पाण्यांतच मलमूत्र टाकतो, तेव्हां पाणी गाळण्याची सोय काय आहे? दांत दुखला तर पाहणारा वैद्य कोण? शाळेच्या वार्षिक तपासणीस साहेब येत, तेव्हां आम्ही फुलांचे हार तयार ठेवीत असूं. पण साहेब हारांपूर्वीं हजेरीपट मागत.

आणि प्रेक्षकांचें काय? पाणघोड्याचा जबडा उघडला कीं त्यांत कांहींतरी टाकण्याची ऊर्मि माणसास आवरत नाहीं. जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या संग्रहालयांत मायकेल नांवाचा ३९ वर्षांचा पाणघोडा होता. कोणा प्रेक्षकानें फेकलेला टेनिसचा चेंडू त्यानें गिळला, आंतड्यांत तो अडकला, आणि २०१७ सालीं तो मेला. थायलंडमध्यें १० जुलै २०२४ रोजीं जन्मलेली मू डेंग ही ठेंगण्या जातीची पाणघोडी अल्पावधींत जगभर प्रसिद्ध झाली. पश्चिम आफ्रिकेच्या अरण्यांत या ठेंगण्या जातीचीं अडीच-तीन हजारांहून अधिक जनावरें उरलेलीं नाहींत. तिला पाहावयास इतकी झुंबड उडाली, आणि ती निजलेली असली तर जागी व्हावी म्हणून लोक तिच्यावर पाणी व इतर वस्तु फेकूं लागले, कीं अधिकाऱ्यांना सुटीच्या दिवशीं प्रत्येकास पांच मिनिटांचीच मुभा ठेवावी लागली. २०२५ सालीं तिचा पहिला वाढदिवस चार दिवस चालला होता. मला त्या चार दिवसांपेक्षां त्या पांच मिनिटांच्या नियमाचें कौतुक अधिक वाटतें.

तेव्हां या सुटींत आपण मुलांना घेऊन राणीच्या बागेंत जाल, तर शेंगदाणे आणि पावाचे तुकडे आपल्यासाठींच ठेवावेत. पाणघोडा पाण्याखालीं असेल तर हांका मारूं नयेत; पांच मिनिटें थांबावें, दम संपला कीं तो आपला आपण वर येतो. मुलांना घड्याळ हातीं द्यावें म्हणजे त्यांचा वेळ बरा जातो. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं बुधवारीं बाग बंद असते. नाहींतर बोईसरहून निघून, दादरचा जिना चढून उतरून, बंद फाटकाचें दर्शन घेऊन परत यावें लागतें.